झोपाळ्यावरचा फोन

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, स्वतःच्या आवाजात फार कमी बोलत. सांगलीच्या हळदबाजारात त्यांची अडत होती, आणि दिवसभर जी माणसं त्यांना तिथे भेटत ती सगळी संध्याकाळी त्यांच्या तोंडून घरी येत. तंबाखूचा बार भरून सौदा काढणारा मुनीम येई, नाकात बोलणारे डॉक्टर येत, कपाळावर हात मारून "आगं बया" करणारी भाजीवाली येई. नुसता आवाज नव्हे, ते माणूसच समोर उभं राही. भाजीवालीची नक्कल करताना साठीला टेकलेला हा गडी नसलेला पदर सावरी. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, या घरात पाहुण्यांचा राबता फारच दिसतोय. माजघरात कान दिला की बाहेर चार-चार जणांचं बोलणं चाललेलं असे, आणि चहाचं आधण ठेवून डोकावावं तर झोपाळ्यावर आबा एकटेच.

त्यांच्या तावडीतून कुणी सुटत नसे. निघालेल्या पाहुण्याच्या चपला पायरीवर वाजत असायच्या आणि आत त्याची नक्कल सुरू झालेली असायची. सासूबाई कावून म्हणत, "अहो, फाटकापर्यंत तरी जाऊ द्या त्यांना!" त्यावर आबांचं उत्तर ठरलेलं होतं, "फाटकापर्यंत गेलं की आवाज शिळा होतो." त्यात कुणाचं वाईट चिंतणं नसे. त्यांना माणसं मनापासून आवडायची, आणि माणूस जितका आवडेल तितकी त्याची नक्कल चांगली होई. हे मला कळत होतं. तरीही ज्याची नक्कल चालली आहे तो घरचा असला की हसताना कुठेतरी टोचायचं.

आमच्याकडे फोन आला तो सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, अर्ज करून कित्येक वर्षं वाट पाहिल्यावर. लायनमन आला आणि बाहेरच्या खोलीत, खिडकीशेजारी फोन बसवायला लागला. आबा म्हणाले, "इथं नको. मी झोपाळ्यावर बसणार, तिथं फोन यायला पाहिजे. परसात गेलो तर परसात आला पाहिजे." लायनमन म्हणाला, "आवं आबा, एवढी वायर देत न्हाईत. सायेब वरडतील माझ्यावर." टेलिफोन ऑफिसात खेटे घालून घालून आबांना तो साहेब पाठ झाला होता. ते दाराआड गेले आणि तिथून साहेबांच्या घोगऱ्या आवाजात कडाडले, "द्या हो त्यांना वायर!" लायनमन हातातली पक्कड टाकून ताठ उभा राहिला. नंतर स्वतःच इतका हसला की वायर द्यावीच लागली.

तर असा आमचा फोन घरभर फिरायचा. वायरीची वेटोळी खुंटीला टांगलेली असत. आबा ती सोडत सोडत तो काळा जड फोन काखेत घेऊन जात. परसात लिंबाखाली बसून ते हळदीचे भाव विचारत. आम्ही सुना त्या वायरीत पाय अडकून कितीदा धडपडलो असू. पण फोनचा खरा मुक्काम झोपाळ्यावर, आबांच्या मांडीशेजारी. झोका चालू असला की कड्यांची करकर पलीकडे ऐकू जाई, आणि पुण्याचा व्यापारी विचारी, "शेठ, बैलगाडीत बसून बोलताय का?" गल्लीत दुसऱ्या कुणाकडे फोन नव्हता, आणि असता तरी असा फिरता नसता, याचा आबांना फार अभिमान होता.

माझे वडील, दादा, कोरेगावला असत. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि शेती बघू लागले. सांगलीला आले की घेवड्याची पिशवी खांद्यावर असायचीच. फोन करायचा तर ते पोस्टात जात, ट्रंक कॉल लावत, बाकावर वाट बघत बसत आणि लाईन लागली की ताठ उभे राहून ओरडत, "हालोऽ! शकूचा बाप बोलतोय, कोरेगावातनं!" पुढे बोलणं काहीच नसे. "बरी हाईस न्हवं?" मी हो म्हणायची. "बरं, ठेवतो." एवढ्यासाठी त्यांचा अर्धा दिवस मोडे.

माझ्या पाठवणीच्या वेळी याच आवाजाचं पाणी झालं होतं. आबांचे दोन्ही हात धरून दादा म्हणाले होते, "पाव्हणं, पोरगी लय साधी हाय वो. जरा... समाळून घ्या." त्यातल्या 'समाळून'वर त्यांचा गळा दाटला आणि पलटणीत हुकूम सोडलेला तो माणूस मांडवभर लोकांसमोर हुंदके देऊन रडला. आबांचेही डोळे तेव्हा भरून आले होते. ते खोटं नव्हतं. पण पुढे महिन्याभरात हे वाक्य त्यांच्या नकलांत येऊन बसलं. मोडलेला 'समाळून', मग नाक ओढणं, मग पलटणीतलं "ठीक हाय, ठीक हाय." पहिल्यांदा माझ्यादेखत ती नक्कल केली तेव्हा त्यांनी विचारलंही, "सूनबाई, राग नाही ना?" नव्या सुनेनं काय म्हणायचं? मी पदर तोंडाला लावून हसले. नक्कल हुबेहूब होती. माझे कान मात्र तापले.

त्या दिवशी मी गच्चीवर कुरडया घालत होते. फोन वाजला. सासूबाईंनी तो उचलला, कोरेगावचा कॉल आहे एवढं ऐकलं, रिसीव्हर झोपाळ्यावरच बाजूला ठेवला आणि जिन्यातून मला हाक मारून त्या दुधाकडे धावल्या. माझे हात चिकाने माखलेले. ते धुऊन खाली यायला थोडा वेळ गेला. तेवढ्यात आबा बाजारातल्या दोन मित्रांना घेऊन आत आले, खांद्यावरचं उपरणं सवयीप्रमाणे झोपाळ्यावर टाकलं आणि बसले. रिसीव्हर त्याखाली झाकला गेला. फोनचं धूड नेहमीच्याच जागी होतं, त्याकडे कोण कशाला बघतो? मित्रांपैकी एकाने विचारलं, "काय आबा, कोरेगावचे व्याही येऊन गेले म्हणे?"

मी जिन्यावर होते तेव्हा मला दादांचा आवाज ऐकू आला. "पाव्हणं, पोरगी लय साधी हाय वो..." मग तो मोडलेला शब्द, नाक ओढणं, आणि दोघा मित्रांचं खदखदून हसणं. मी खाली येऊन रिसीव्हर शोधू लागले. स्टुलावर नव्हता, जमिनीवर नव्हता. वायर धरून मागे मागे गेले आणि उपरणं उचललं. आबांनी खाली पाहिलं. तोंडातलं "ठीक हाय" तसंच राहिलं.

मी रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे कुणीतरी होतं, श्वास ऐकू येत होता. मग दादा म्हणाले, "बरी हाईस न्हवं?" ते ओरडले नाहीत. त्यांचा इतका हळू आवाज मी फोनवर कधी ऐकला नव्हता. मी हो म्हटलं. "ठेवतो," ते म्हणाले.

मित्र चहा न घेताच गेले. आबांनी पायांनी झोका थांबवला. मला विचारलं, "काय म्हणाले?" मी सांगितलं, बरी आहेस का म्हणाले. "आणि?" "ठेवतो म्हणाले." रात्री ते ताटावर बसले आणि तसेच उठले. मला त्यांचा संताप येत होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. घरातली मोठी माणसं सुनेसमोर अशी शरमलेली मी तोवर पाहिली नव्हती. आम्ही दोघंही एकमेकांची नजर चुकवत वावरत होतो.

दादांनी फोन कशासाठी केला होता ते पुढे आठवड्याभरात कळलं. माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं होतं. कधी येऊ, हे विचारून ते स्वतः आमंत्रणाला येणार होते. आमच्याकडे व्याह्याला बोलावणं म्हणजे घरी येऊन, कुंकू लावून, हातात अक्षत देऊन. आली ती नुसती पत्रिका, आणि तीही पोस्टाने. लांबच्या ओळखीच्या लोकांना पाठवतात तशी. सासूबाई भडकल्या. "पोस्टानं आलेल्या पत्रिकेवर मुलाकडची माणसं जात नसतात," म्हणाल्या, "आणि सूनबाईनंही जायचं नाही." म्हणजे सख्ख्या भावाच्या लग्नाला मी नसणार होते. आबा पत्रिका हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "मानानं बोलवावं असं तोंड मी ठेवलंय का?" आणि मला म्हणाले, "आवर. उद्याच जाऊन येऊ."

एस.टी.त आबा खिडकीशी बसले. कंडक्टर असा होता की एरवी आबांनी त्याला साताऱ्यापर्यंत तोंडात घोळवला असता. प्रत्येक गावाचं नाव तो गाण्यासारखं आळवत होता. आबा बाहेर उसाकडे बघत राहिले.

कोरेगावला दादांनी दारात पाय धुवायला पाणी दिलं. रीत त्यांनी सोडली नाही. मी आत चुलीपाशी गेले तर आई हळूच म्हणाली, "फोनात आदी ह्यास्नी सोताचाच आवाज ऐकू आला म्हनं. वाटलं, लाईन फिरली. मग मानसं हसल्याली ऐकू आली. तवापास्नं गप हायती." मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाहेर आबा बसलेच नव्हते. सोप्यात उभे राहून त्यांनी हात जोडले. "चुकलो, पाव्हणं. माफी मागायला आलोय." वरपक्षाचा माणूस मुलीच्या बापापुढे हात जोडून उभा, हे दारातल्या बायका तोंडात बोटं घालून बघत होत्या. दादा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पर एक करा. फोनवर नीट ऐकू आलं न्हाई. आता हितं समूर करून दावा."

दादा टोमणा मारत होते की खरंच मागत होते, मला आजही सांगता येणार नाही. आबांनी तोंड उघडलं. "पाव्हणं..." म्हणाले आणि थांबले. पुन्हा प्रयत्न केला. त्यांच्या कपाळावर घाम आला. ज्यांना कुणाचाही आवाज यायचा त्यांना तो समोर बसलेल्या माणसाचा काढता येईना. मग त्यांनी मान खाली घातली.

"फुटत न्हाई न्हवं आवाज?" दादा उठून त्यांच्याजवळ गेले. "मलाबी पाठवणीच्या दिशी फुटत न्हवता." आणि त्यांना हाताला धरून पाटावर बसवलं. आईने कुंकू आणि अक्षत आणली. आम्ही सगळे लग्नाला होतो.

पण दादांनी सांगलीला पुन्हा कधी फोन केला नाही. कार्ड टाकायचे, नाहीतर घेवडा घेऊन स्वतः यायचे, आबांशेजारी बसून पीकपाणी बोलायचे. मनात काही ठेवलं होतं असं वाटत नसे, तरी पोस्टाची पायरी ते फोनसाठी चढले नाहीत. आबांनी लायनमनला बोलावून लांब वायर काढून टाकली आणि फोन बाहेरच्या खोलीत भिंतीशी पक्का केला. त्या दिवसापासून त्यांनी नकलाही सोडल्या. दादांच्याच नव्हे, सगळ्यांच्या. बाजारातले लोक आग्रह करायचे. "आता जमत नाही," असं सांगून ते विषय बदलायचे. घर एकदम सुनं झालं. आबांचा स्वतःचा आवाज जरासा बसका, कंटाळवाणा होता. त्यांना आता त्याच आवाजात बोलावं लागे.

दशक संपता संपता दादा गेले. सुतक फिटलं, महिने गेले, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की मला त्यांचा आवाज नीट आठवत नाही. पलटणीच्या पोशाखातला फोटो होता, मफलर होता. आवाज कुठेच नव्हता. आणि मग सुचलं की आहे. याच घरात आहे. दुपारची निजानीज झाल्यावर मी आबांपुढे जाऊन उभी राहिले. "आबा, एकदा दादांचा आवाज काढा."

ते दचकले. "कुठल्या तोंडानं काढू गं?"

"मी सांगते म्हणून काढा."

त्यांनी चष्मा काढला, ताठ बसले, डोळे मिटले. "पाव्हणं, पोरगी लय साधी हाय वो..." तो हळदबाजारातल्या एका म्हाताऱ्या अडत्याचा, त्यांचा स्वतःचाच आवाज होता. त्यांनाही ते ऐकू आलं. खाकरून पुन्हा सुरुवात केली, मान तिरकी केली, छाती फुगवली. ओठ दादांसारखे हलत होते. मी कान देऊन ऐकत होते. शेवटी त्यांनी डोळे उघडले, आणि कोरेगावच्या सोप्यातही दिसली नव्हती अशी शरम मला त्यांत दिसली.

"गेला गं," ते म्हणाले. "माझी लाज झाकायला मी तो टाकून दिला. बाप तुझा होता, पोरी. टाकण्याआधी तुला विचारायला पाहिजे होतं."