बाथरूममध्ये पडलेली मुलगी

नागपुरात मुलीने गाडी चालवली तर कोणाला अप्रूप नाही. तोंडाला स्कार्फ गुंडाळून बर्डीच्या बाजारातल्या गर्दीतून स्कूटी काढणाऱ्या बायका बघाव्यात, रेस ड्रायव्हर वेगळे शोधायला नकोत. पण तीच मुलगी हेल्मेट घालून मातीच्या ट्रॅकवर चारचाकी पळवते म्हटलं, की लोकांच्या भुवया वर जातात आणि आईची मान खाली. मी सहा वर्षं हे केलं. विदर्भात जिथे कोणी मैदानावर चुन्याच्या रेघा मारून, टायर रचून रेस भरवायचं, तिथे मी असायचे. बाबा बुटीबोरीच्या कापड कारखान्यात सुपरवायझर. त्यांचे वडील उमरेडला हातमागावर बसायचे. बाबांना यंत्रांचा नाद लागला आणि तो माझ्यात उतरला. आईच्या मते तो नाद नव्हता, रोग होता.

ज्या रविवारी माझी कंबर गेली, त्या दिवशी मी दुसरी आले होते. ट्रॅकवर मातीचा एक उंचवटा होता. तिथे सगळे वेग कमी करायचे, मी केला नाही. गाडी हवेत गेली आणि नाकावर आपटली. माकडहाडापासून दातांपर्यंत कळ गेली. तरी मी फेरी पूर्ण केली, आपल्या पायांनी उतरले, ढाल घेतली, फोटो काढले. जो चालतो त्याचं काही मोडलेलं नसतं, एवढीच माझी अक्कल. संध्याकाळी मनीषनगरच्या घरी पलंगावर टेकले, ती उठताच येईना.

नेमके त्याच आठवड्यात, गुरुवारी, मला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा अमरावतीचा, बँकेत. सोमवारी सकाळी डॉक्टरकडे जाताना ऑटोतच आईने ठरवून टाकलं.

"बाथरूमात घसरली म्हणून सांगजो."

"काहून?"

"रेसमधी कंबर मोडली म्हटलं तं कोण करन वं तुले? इथं सगळे ओळखीचे. दवाखान्यातून गोष्ट बाहेर जाते."

मी घरात हट्टी म्हणून प्रसिद्ध होते, पण त्या दिवशी ऑटोच्या प्रत्येक गचक्याला माझा जीव जात होता. भांडायला सरळ बसता आलं पाहिजे, मला तेवढंही जमत नव्हतं.

डॉक्टरांनी नीट विचारलं, हे मला सांगितलंच पाहिजे. "उंचावरून पडलात का? गाडीवर झटका बसला का?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "नाही जी. साबणावर पाय पडला तिचा." मग त्यांनी पाय उचलायला लावले, पाठ दाबली आणि सांगितलं, की या वयात नुसतं घसरून मणक्याला काही होत नाही, स्नायू आखडला असेल. गोळ्या, कंबरेला पट्टा आणि आठ दिवस आराम. पट्टा आईने बर्डीच्या दुकानातून आणला. अंगाच्या रंगाचा बघून आणला, म्हणजे साडीतून दिसायला नको.

गुरुवारी सात जण आले. आत पट्टा, वर साडी आणि पोटात कंबरदुखीच्या दोन गोळ्या घेऊन मी चहा दिला आणि एकेकाच्या पाया पडले. चेपलेल्या मणक्याला वाकणं सगळ्यात वाईट, हे मला फार नंतर कळलं. सातव्यांदा वाकले तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले. मुलाच्या आत्याने स्वयंपाकाचं विचारलं, मी दात आवळून "येतो" म्हणाले. तिसऱ्या दिवशी निरोप आला: मुलगी घमेंडी वाटली, चेहऱ्यावर हसू नाही. आई माझ्यावरच चिडली. "थोडी हसली असती तं काय दात पडले असते?" झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमची मूठ तर झाकलेलीच राहिली, सव्वा लाख काही कोणी दिले नाहीत.

गोळ्यांनी दुखणं दबलं. पुढची रेस दीड महिन्यावर होती, मोसमातली शेवटची. वर्धा रोडवरच्या एका गॅरेजवाल्याने मला त्याची तयार केलेली गाडी द्यायचं कबूल केलं होतं. सहा वर्षं मी बाबांची जुनी गाडी हाणत होते. खऱ्या रेसच्या गाडीत बसायची ही पहिलीच वेळ होती, आणि आमच्याकडे मुलीला दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही. मी गेले.

तिसऱ्या फेरीत काही विशेष झालं नाही. साधा खड्डा होता, आपल्या रिंग रोडवर असतो तसा. कंबरेत काहीतरी आत सरकलं आणि डावा पाय माझा राहिला नाही. गाडी टायरांच्या ढिगात जाऊन थांबली. हॉस्पिटलात एमआरआय बघून तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक मणका आधीच चेपलेला होता. त्याचा चुरा होऊन आता नस दाबली गेली आहे. जुनं कधीचं? याच्यावर गाडी चालवली तुम्ही?" आई बाजूला उभी होती.

ऑपरेशन झालं, पाठीत स्क्रू बसले. तीन महिने पलंग, मग वॉकर. सत्ताविसाव्या वर्षी दारापासून फाटकापर्यंत पोचायला मला एक आठवडा लागला. शेजारणी येऊन कोणी एरंडाचं तेल सुचवलं, कोणी नवस. आईने माझं सगळं केलं, अगदी सगळं. आणि मी तिला एक दिवस सुखाचा घास खाऊ दिला नाही. पाय थरथरला की म्हणायचे, "तुझ्या साबणानं केलं." फिजिओथेरपीत रडू आलं की तिच्याकडेच बघत रडायचे. बाबांनी जुनी गाडी विकली आणि दोन वर्षं आईशी कामापुरतंच बोलले. ती एका शब्दाने उलट बोलली नाही. रेस संपली होती, हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आता मी बुटीबोरीच्या एका कंपनीत ऑफिसचं काम करते. पाठीमागे उशी ठेवून, उजव्या पायापुरती ऑटोमॅटिक गाडी चालवत जाते. डाव्या पायाला अजून गरम-थंड कळत नाही.

मागच्या वर्षी उमरेडला नात्यात लग्न होतं. मंडपात आम्ही बायका खुर्च्यांवर ताटं घेऊन बसलो होतो. माझं चालणं बघून मामीने विचारलं, "इचं कंबरीचं कसं झालं वं नेमकं?" मला वाटलं आई नेहमीसारखी विषय बदलेल. आई ताट खाली ठेवून सगळ्यांसमोर म्हणाली, "माह्यामुळं. ते रेसमधी पडली होती. मीच डॉक्टरले खोटं सांगतलं. खरं सांगतलं असतं तं पोरगी आज धड असती."

आता खरी गोष्ट. पहिल्या डॉक्टरांनी मला तीन आठवड्यांनी परत बोलावलं होतं. आईच्या डोक्यातून तोवर पाहुणे उतरले होते, मी एकटीच गेले. डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस दुखायला नको होतं. नक्की फक्त घसरलात? काही वेगळं असेल तर सांगा, एक्सरे काढू." खोलीत तिसरं कोणी नव्हतं. खरं बोलले असते तर त्यांनी रेस बंद केली असती, आणि गॅरेजवाल्याची ती गाडी दुसऱ्या कोणाला गेली असती. मी म्हणाले, "हो, फक्त घसरले. आता बरंच बरं आहे." पंधरा दिवसांच्या गोळ्या घेऊन मी हसत बाहेर आले. हे मी बाबांना सांगितलं नाही, आईलाही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि इतकी वर्षं दोरी माझ्याच हातात होती.

मंडपात सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. आईसुद्धा. तेव्हा बोलता आलं असतं.

मी म्हणाले, "जाऊ दे ना आई. झालं ते झालं."

मामी म्हणाली, "केवढं मन हाय पोरीचं. दुसरी असती तं मायचं तोंड नसतं पाहिलं."

आईने पदराने डोळे पुसले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला, स्क्रू आहेत तिथे जरा हलक्याने. मी जेवत राहिले.