खारट पापा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — ह्यांनाही नाही, आणि ह्यांना तर मी दूध उतू गेलं तरी सांगते.

रत्नागिरीत मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, बावीस वर्षं झाली. माझी जीभ पहिल्यापासून चुरचुरीत. मी बोलले की वॉर्ड हसतो, आणि मला ते आवडतं. म्हणजे — आवडायचं.

नाटे गावची सानिका, चार वर्षांची. सारखा खोकला, सारखी भरती. पहिल्याच खेपेला तिची आई सुगंधा मला हळूच म्हणाली, "सिस्टर, हिचा पापा घेतला की खारट लागता." मी मोठ्याने म्हटलं, "समुद्रावरची पोर ती, खारट नाही तर काय गोड लागेल?" सगळे हसले. सुगंधाही हसली, आणि तो विषय तिने पुन्हा काढला नाही. डॉक्टरांना मी सांगितलं का? कशाला सांगतेय.

वर्षभराने एका सकाळी तिला आणलं, तेव्हा ओठ निळे पडलेले, प्रत्येक श्वासाला बरगड्या आत जात होत्या. मी तिला उशांना टेकवून बसवलं, ऑक्सिजनचा मास्क लावला, हाताची ओंजळ करून पाठ थोपटत राहिले. चिकट कफ सुटेना. कपाळ पुसलं, तर वाळलेल्या घामाचं पांढरं मीठ माझ्या बोटांवर आलं. तेव्हा मला आठवलं — सगळं, माझ्या हसण्यासकट.

तिला उतार पडल्यावर नव्या डॉक्टरांनी सुगंधाला समजावलं. सिस्टिक फायब्रोसिस असावा. जन्मापासूनचा आजार, त्यात घाम फार खारट होतो. आधी कळलं असतं तर फुप्फुसं इतकी खराब झाली नसती. "तुम्हाला कधी जाणवलं नाही?"

"सिस्टरांना सांगितलं होतं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही हो. मला नाही काही सांगितलं."

विसरले होते असं म्हणू? तोवर तर सगळं आठवलं होतं.

सुगंधा माझ्याकडे बघत राहिली. मग स्वतःशीच म्हणाली, "मग माझ्याच मनात ऱ्हायलं असंल."

सानिका नऊ वर्षांची असताना गेली. सुगंधा अजून येते, माझ्यासाठी सुके सोडे घेऊन. म्हणते, "तुम्ही किती केलात हो तिच्यासाठी. मीच येळेवर बोलले नाय." मी पिशवी घेते. घरी नेऊन रांधते, आम्ही जेवतो.

ती बोलली होती. वेळेवर, स्पष्ट, आणि मला.