शेजारच्या पैलवानाची झोप

जालना-अंबड एसटीत तो रोज माझ्या शेजारी बसायचा. कान चुरगळलेले, मान बैलासारखी. दुकानातली नोकरी सांभाळून आयुष्यभर सॅम्बो आणि ग्रॅपलिंग या गळा-सांधे आवळायच्या परदेशी कुस्त्या खेळलेला पैलवान. गाडी सुटली की त्याचा डोळा लागायचा आणि पंजा माझ्या मांडीवर पटपट आपटायला लागायचा. एकदा मी वैतागून विचारलंच.

"हात आपटला म्हंजे हरलो, सोड," तो म्हणाला. "सरावात माझ्या जोडीदारानं आपटल्ता. मी जोशात गळा सोडला न्हाई. मंग तो उठलाच न्हाई. आता झोप लागली की तो माझा गळा धरतो."

दुसऱ्या दिवशी पंजा आपटू लागताच मी हळूच पुटपुटलो, "सोडा आता पैलवानांना." हात थांबला.

अंबडला जागा झाल्यावर गळा चोळत तो म्हणाला, "आज तुमचं ऐकलं त्यानं."