टाकी वर आली

वहिनीच्या परसात गोबरगॅसची लोखंडी टाकी आहे. खाली शेण कुजतं, वायू साठतो आणि टाकी हळूहळू वर उचलली जाते. सकाळी उठून वहिनी आधी टाकी बघते, मग स्वयंपाक ठरवते. टाकी खाली असेल तर पिठलं-भात. मी गावी गेलो त्या दिवशी मात्र ती परसातूनच ओरडली, "भावोजी, टाकी पार वर आलीय! आज पुरण घालते!"

शेगडीवर निळी ज्योत फुलली आणि मी बघतच राहिलो. शेणातून निघणारा हाच मिथेन वायू उकिरड्यातून मोकळा सुटला असता, तर वर जाऊन पृथ्वीची उष्णता अडवून बसला असता. जळला की त्याचा तो जाच पुष्कळ कमी होतो. तशी थोडी ऊब धरून ठेवणारे वायू वर असायलाच हवेत, नाहीतर आपण सगळे केव्हाच गारठलो असतो. पण आपण त्यात भर घालतच राहिलो. आभाळाला अशी टाकी नाही ना! किती भरलं ते दिसत नाही, नुसता उकाडा वाढत जातो.

पानावर बसलो तरी मी त्याच विचारात.

"अहो, पोळी गार होतेय," म्हणत वहिनीनं तुपाची धार धरली.

जेवून हात धुवायला परसात गेलो, तर टाकी पार खाली बसलेली. तिच्यातला सगळा वायू पुरणपोळ्या होऊन माझ्या पोटात आला होता. आभाळाच्या वाट्याला गेला तो माझा एक दणदणीत ढेकर.