पास्कूदादाचे मास्तर

आमच्या पास्कूदादाचा एक किस्सा काढला की बाकीचे मागून आपोआप येतात, जाळ्याचं टोक ओढावं तसे. एकोणीसशे चाळीसच्या आसपासची गोष्ट. माझा हा थोरला भाऊ उत्तनला मासे धरायला होडीवर जायचा, पण जीव सगळा मुंबईच्या एका पेपरात व्यंगचित्रं काढणाऱ्या मास्तरांत. "मास्तरांनी एकदा माझं चित्र बघावं," एवढंच त्याचं मागणं!

*

पेपर विकत कोण घेणार? दादा वाण्याची रद्दी चाळायचा आणि मास्तरांचं चित्र असलेल्या कागदातच जिरं बांधून मागायचा. आमच्या कालवणात जिरं पडतच नाही! शेवटी आय वैतागली, "तुझ्या मास्तराला सांग, जरा मिरचीच्या पुडीवर पन काढ!"

*

मास्तरांच्या चित्रात सगळे पगडीवाले. म्हणून दादाने होडीच्या म्होरक्याला, आमच्या तांडेलालाही चित्रात पगडी चढवली.

तांडेल म्हणाला, "वारा सुटला तर होडी सांभालू का पगडी?"

"मास्तर अशीच काढतात."

"मग मास्तरालाच बोलव होडीवर!"

*

नाताळच्या गोठ्यासाठी फादरनी त्याच्याकडून ताऱ्यामागून येशूबाळाला भेटायला आलेले तीन राजे रंगवून घेतले. मधल्याला थेट पेपरातल्या फोटोतला मास्तरांचा जाड चष्मा!

"पास्कू, राजाला चष्मा?"

"लांबून आलेत, फादर. तारा दिसायला नको?"

*

मग त्याने आयला काढलं. डोक्यावर टोपली, कमरेवर हात, गिऱ्हाइकाशी भांडतेय, आणि नाक टोपलीच्याही पुढे! सगळा गाव हसला. आय त्याच्याशी बोलेना. मी म्हटलं, "आये, नाक तुझंच हाय." तर मलाही फटका!

*

शेवटी दादा पेपरच्या ऑफिसात गेला. चित्रं न्यायची लाज वाटली, म्हणून आधी नुसते सुके बोंबील नेले, आयने बांधून दिलेले. मास्तर भेटले नाहीत. शिपायाने पुडकं आत नेलं. दादा घरी येऊन बघतो, तर फळीवरून आयचं चित्र गायब!

"आये, बोंबील कशात बांधलेस?"

"त्याच्यातच. मग काय मास्तराच्या चित्राचा कागद खराब करू? देवमानूस ना तुझा तो!"

दादाने कपाळाला हात लावला.

पुढे एकदा वाण्याच्या रद्दीत मास्तरांचं नवं चित्र निघालं. डोक्यावर टोपली, कमरेवर हात, गिऱ्हाइकाशी भांडणारी कोळीण. मला अक्षर येत नाही, पण खालची मास्तरांची ती वेटोळ्याची सही ओळखीची होती. दादा कागद घेऊन धावतच घरी आला.

आयने कागद ओढून घेतला, उजेडात धरला, बराच वेळ बघितला.

"नाक न्हाय जमलं मास्तराला," ती म्हणाली. "आमच्या पास्कूला जमतं."