माझी शाळा विकायची नाही

आणि दादा, परत सांगतो, बाबांची होडी विकायची नाही. “तू तिकडं तळ्यात गोऱ्यांना फिरवतोस, इकडं समुद्रात कोण जाणार?” हे तू गावच्या कम्युनिटी ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलंस, म्हणून उत्तरपण इथंच.

आज दुपारी इथं इंग्लंडात बोनेसहून तळ्याच्या वरच्या टोकाला, अँबलसाइडला, आमची लाँच निघाली. दोरी सोडताना मी सवयीनं लाँचवर हात ठेवून म्हटलं, “चल गो बाय.”

मागून एक काकू म्हणाल्या, “अय्या, तू मराठी?” नॉटिंगहॅमचं डॉक्टर जोडपं होतं. काकांनी लगेच विचारलं, “शिक्षण किती?”

“आठवी नापास.”

“मग तळंच बरं. समुद्रावर निभाव लागला नसता.”

अर्ध्या वाटेत वारा सुटला, लाँच हेलकावे खायला लागली. काका रेलिंगला मिठी मारून ओरडले, “अरे, बुडतोय का आपण?”

“काका, तळंच आहे,” मी म्हटलं. काकू एवढ्या हसल्या की काकांना आलेली उलटी तिथंच राहिली.

अँबलसाइडला वाऱ्यानं लाँच धक्क्याला लागेना. लाँच चालवणारा स्किपर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा मी लाट बघून दोरी फेकली, धक्क्याच्या खुंट्यावर बरोबर बसली.

स्किपरनं विचारलं, “कुठं शिकलास?”

“बापाच्या होडीवर.”

आता गाववाल्यांनो, तुम्हीच सांगा. कुणी आपली शाळा विकतं का?

दादा, फळ्या कुजल्यात म्हणतोस ना, मग सुताराला बोलव. उद्या पाठवतोय. दोनशे ऐंशी पौंड.