मूठभर सेल

मुरबाडला ज्या शेडमध्ये मी कामाला आहे, तिथे इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटऱ्या जोडतात. त्यातले सेल चीनमधून येतात. आम्ही बायकांनी एकेक सेल मीटरला लावून बघायचा, आकडा जुळला तर ट्रेमध्ये, नाही तर बाजूला. तांदूळ निवडण्यात जन्म गेलेल्यांना यात शिकवायचं ते काय? आठवडाभरात माझा हात बसला, आणि हाताबरोबर थोडा तोराही आला. माझी मोठी जाऊही आमच्या गावाहून, वैशाखऱ्याहून, माझ्याबरोबर जीपने यायची. तिला मीच तिथे लावलं होतं. दोघी एकाच टेबलाला, मधे एक ट्रे.

दोन वर्षांपूर्वी सेल येईनासे झाले. आमचे सुपरवायझर साहेब कल्याणचे, वयाने माझ्या भाच्याएवढे. त्यांनी मोबाइलवर दाखवलं की कुठल्याशा लांबच्या देशात मिठागरासारखी पांढरी जमीन आहे, तिथल्या खाऱ्या पाण्यातून लिथियम काढतात, ते चीनला जातं आणि तिथे सेल होतात. आता साऱ्या जगालाच बॅटऱ्या हव्यात, त्यात चीनच्या सरकारने माल बाहेर सोडायला नवे परवाने लावले, म्हणून आपला माल अडकला. मला रागच आला. एवढी पृथ्वी फिरून यायचं, आणि अडवायचं कुणाचं काम, तर मुरबाडच्या चार बायकांचं. साहेब म्हणाले, पुढचा लॉट आला आणि त्याचे पॅक, म्हणजे सेल जोडून केलेल्या बॅटऱ्या, पास झाले, तरच आपलं टेबल चालू राहील.

जुना लॉट संपला त्या दिवशी ट्रे रिकामा करून पुसायचा होता, उरलेले सेल नव्यांत मिसळू नयेत म्हणून बाद मालाच्या लाल डब्यात टाकायचे होते. माझा हात थांबला. आमच्याकडे भाताची कणगी कधी खरवडून रिकामी करत नाहीत. तळाला मूठभर जुनं भात ठेवायचं आणि त्यावर नवं ओतायचं, म्हणजे घरात येत राहतं. लग्न होऊन आले तेव्हा हे मला जावेनेच शिकवलं होतं. मी ट्रेच्या तळाला मूठभर सेल ठेवले आणि वर पुठ्ठा घातला. जावेने ते पाहिलं, गालात हसली आणि टेबल पुसायला लागली.

महिन्याभराने सेल आले. खरं सांगते, मला वाटलं माझ्यामुळेच आले. पुठ्ठा काढला आणि नवे त्या जुन्यांवरच ठेवत गेले. मीटरवर आकडा तर जुळत होता, मग कुणाला कळणार होतं?

बॅटरीला कळलं. चार्ज करून बघताना तीन पॅक फेल गेले, आणि उघडल्यावर आत दोन लॉटचे सेल निघाले. जुना सेल लवकर थकतो आणि अख्ख्या पॅकला मागे ओढतो, हे साहेबांनी पुढे कधीतरी समजावलं. त्या दिवशी मात्र त्यांनी आम्हा दोघींना उभं करून विचारलं, हे कुणाचं काम? बाकीचे पॅक पास झाल्यामुळे टेबल वाचलं होतं, पण दोघींतल्या एकीला घरी जावं लागणार, हे उघड होतं.

मुलीचं कॉलेज डोळ्यांपुढे आलं. जावेने माझ्याकडे पाहिलंही नाही.

“मीच ठेवलं, सायेब. हिला काय ठावं नाय.”

तिचं काम त्याच दिवशी गेलं. घरी तिने हा विषय कधी काढला नाही. मला सकाळची जीप मिळावी म्हणून माझ्या वाटणीच्या भाकऱ्याही तीच भाजते. कधी कधी मला तिचा राग येतो. तिचा कसला, माझाच येतो.

गेल्या महिन्यात काम वाढलं. हात चांगला असलेली कुणी ओळखीची बाई आहे का, असं साहेबांनी मला विचारलं. मी जावेचं नाव घेतलं. त्या नकोत, म्हणाले, त्यांनी मागे घोळ घातलाय. तेव्हा मात्र मी सगळं सांगून टाकलं, की सेल मी ठेवले होते, ती माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी गप्प राहिले.

साहेब हसले. त्यांना वाटलं, जावेला परत घ्यावं म्हणून मी तिचा दोष अंगावर घेतेय.

“घरच्यांना फार सांभाळता तुम्ही, मावशी,” म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. दुपारच्या सुट्टीपर्यंत अख्ख्या शेडमध्ये माझ्या चांगुलपणाचं कौतुक चाललं होतं.